मागचा डावा

तक्रार अगदी साधी होती. टीव्हीच्या पुढचे तीन स्पीकर नीट बोलत होते आणि मागचे दोन तोंडाला कुलूप लावून बसले होते. अशा मुक्या स्पीकरांना घरोघरी जाऊन बोलतं करायचं, हेच कानसेनचं काम. खरं नाव त्याच्या ओळखपत्रावर होतं. पण पूर्वी तो जिथे ध्वनिमिश्रण करायचा त्या स्टुडिओतल्या मंडळींनी त्याला कानसेन म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे स्टुडिओ बंद पडला तरी नाव काही सुटलं नाही. वय अठ्ठेचाळीस, हातात अवजारांची काळी बॅग, आणि कुठल्याही खोलीत शिरल्यावर आधी गप्प उभं राहून कानोसा घ्यायची सवय.

मंगळवारी सकाळी अकराला तो त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात शिरला. लांबट बैठकीची खोली. एका टोकाला टीव्ही, दुसऱ्या टोकाला दोन जुन्या आरामखुर्च्या, मध्ये गुळगुळीत झालेला करडा गालिचा. मागचे दोन स्पीकर भिंतीवर उंच ठोकलेले; उजवा दाराच्या वर, डावा खिडकीच्या दगडी कट्ट्याच्या वर. घरात बहीण-भाऊ दोघंच राहायची. सगळी इमारत त्यांना ताई आणि भाऊ म्हणायची, म्हणून कानसेनही तसंच म्हणू लागला. ताई अडुसष्ट वर्षांची, कोर्टातून निवृत्त झालेली लघुलेखिका. भाऊ तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा. चष्म्याच्या काचा घासण्यात त्याची हयात गेली होती. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. भाऊला सिनेमाचं वेड होतं आणि ताईला भाऊचं.

"पाच आणले आणि तीनच बोलतात," भाऊ म्हणाला. "मागचे दोघे नव्याने सासरी आल्यासारखे गप्प."

कानसेनने तारा तपासल्या. ॲम्प्लिफायरचा चाचणीचा आवाज पाचही स्पीकरमधून स्वच्छ फिरला. म्हणजे स्पीकर शाबूत, तारा शाबूत. दोष टीव्हीखालच्या त्या तळहाताएवढ्या स्ट्रीमिंग बॉक्समध्ये होता. इंटरनेटवरून येणारा पाच वाटांचा आवाज तो स्वतःच उलगडत होता आणि दोन वाटांत कोंबून पुढे ढकलत होता.

"हा नको तिथे शहाणपणा करतोय," कानसेन म्हणाला. मेनूच्या पोटात चार पायऱ्या उतरून त्याने एक सेटिंग बदलली. "याला पासथ्रू म्हणतात. आता बॉक्स आवाजाला हात लावणार नाही. आला तसा ॲम्प्लिफायरकडे सोपवेल."

"म्हणजे माझ्यासारखं," ताई म्हणाली. "चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. कानामात्रेचा फरक नाही."

भाऊने हेलिकॉप्टरचा एक प्रसंग लावला. पंख्यांचा आवाज समोरून उठला, डोक्यावरून गेला आणि मागच्या भिंतीत विरला. भाऊने लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. कानसेन बॅग आवरत होता, तेवढ्यात मागच्या डाव्या स्पीकरमधून काहीतरी पडल्याचा आवाज आला. भांड्यावरचं झाकण. कडेवर गरगर फिरत, हळूहळू बसत जाऊन एकदम निमूट झालेलं. पडद्यावर तर नुसतं आकाश होतं.

चार-पाच सेकंद गेले असतील. स्वयंपाकघरात ताईच्या हातून झाकण पडलं. गरगर फिरत, हळूहळू बसत जाऊन ते एकदम निमूट झालं.

कानसेनने दोन्ही आवाज ऐकले आणि दोन्ही एकच आहेत हे त्याच्या कानांनी तिथल्या तिथे ओळखलं. पण डोक्यापुढे कानांचं काय चालणार? सिनेमातलाच कसला तरी आवाज असेल, असं म्हणत तो जिना उतरला.

आठ दिवसांनी, बुधवारी, ताईचा फोन आला. "मागच्या डाव्या स्पीकरमधून आमच्याच घरातले आवाज येतात. या बघू जरा."

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो दारासमोर पोचला. बेलकडे हात नेतोय तोच दार उघडलं. ताई समोर उभी होती, हातात पेन.

घरातलेच आवाज स्पीकरमधून येतात यात कानसेनला नवल वाटलं नाही. बॉक्सच्या रिमोटमध्ये बोलून शोधायचा मायक्रोफोन असतो. तोच घरातले आवाज पकडत असणार. त्याने रिमोटमधल्या बॅटऱ्या काढल्या. मागच्या डाव्यातून पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. त्याने बॉक्समधल्या सगळ्या सेटिंग पुसून तो पुन्हा नव्यासारखा केला. काही फरक नाही. डाव्या-उजव्या स्पीकरांची अदलाबदल केली; आवाज स्पीकरबरोबर गेला नाही, डाव्या जागेवरच राहिला. बॅगेतला स्वतःचा कोरा बॉक्स जोडला. थोड्या वेळाने त्यातूनही खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पासथ्रू बंद केलं की सगळं गप्प. सुरू केलं की पुन्हा हे घर.

भाऊ खुर्चीत बसून मजा बघत होता. "मला तर फार सोय झालीय," तो म्हणाला. "कुणी येणार असलं की आधीच कळतं. सदरा चढवून तयार बसतो."

"आधी म्हणजे?" कानसेनने विचारलं. कपाटामागे हात घालून तो केबल ओढत होता. ती मध्येच चपटी झालेली होती. "ही केबल काय कुणी दाढेखाली धरली होती?"

भाऊ खो खो हसला. ताई हसली नाही. तिने मांडीवरची वही फिरवून त्याच्यापुढे धरली. वहीत लघुलिपीच्या बारीक वळणांच्या रांगा होत्या. पानाच्या एका कडेला ऐकल्याची वेळ, दुसऱ्या कडेला घडल्याची. शेवटच्या ओळीची दुसरी बाजू कोरी होती.

"मला हे वाचता येत नाही," तो म्हणाला.

"मी वाचते." तिने चष्मा सारखा केला. "अकरा वाजून सहा मिनिटं. पुरुष. ही केबल काय कुणी दाढेखाली धरली होती."

मग तिने घड्याळाकडे बघितलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं: अकरा तेवीस.

अकरा वाजून सहा मिनिटांनी कानसेन अजून बसमध्ये होता.

होता तिथेच तो गालिच्यावर बसला. ताईने त्याला आपण लिहून ठेवलेलं सगळं शांतपणे वाचून दाखवलं. पहिल्या दिवशी आवाज चार सेकंद आधी येत होता. दुसऱ्या दिवशी आठ. दिवसभरात अंतर बदलत नसे, पण रोज सकाळी सुरू केलं की ते आदल्या दिवसाच्या दुप्पट, कधी त्याहून थोडं जास्तच झालेलं असे. आज सतरा मिनिटं.

"बंद करून टाका," कानसेन म्हणाला. "कायमचं."

"का?" भाऊ म्हणाला. "कुणाचं काय बिघडतंय?"

आपला बॉक्स कानसेनने काढून घेतला, त्यांचा परत जोडला आणि भाऊच्या आग्रहावरून पासथ्रू सुरूच ठेवलं. त्यानंतरचे सात दिवस तो कुठल्याही घरात गेला तरी मागच्या डाव्या स्पीकरकडे पाठ करून उभा राहत नसे.

आठव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी बाराला ताईने फोन केला आणि फक्त "लगेच या" म्हणून ठेवून दिला.

भाऊ घरात नव्हता. ताईने त्याला केस कापायला पाठवलं होतं. खोलीचे पडदे ओढलेले होते आणि टीव्हीवर कसलासा माहितीपट आवाज न करता चालला होता. पुढच्या तिन्ही स्पीकरांच्या तारा तिने स्वतःच उपटून ठेवल्या होत्या.

"काल दोन दिवसांपुढचं ऐकू येत होतं. म्हणजे शुक्रवारचं," ती म्हणाली. "भाऊ होता. शिंकला, गाणं म्हणाला, माझ्यावर चिडलासुद्धा. आज चार दिवसांपुढचं येतंय. सोमवारचं. सकाळपासून बसलेय, भाऊ कुठेच नाही." तिने खुर्ची पुढे केली. "माझे कान आता म्हातारे झाले. तुमचे तयार आहेत. तुम्ही ऐका. त्याचा खोकला, चप्पल, काहीही. मला सांगा."

कानसेन खिडकीखाली बसला आणि डोळे मिटून ऐकू लागला.

फ्रिजची घरघर. भिंतीवरचं घड्याळ. ताईची चप्पल, स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. कपाट उघडल्याचा आवाज. एक ताटली टेबलावर ठेवली. त्याने दुसऱ्या ताटलीची वाट पाहिली. ती आली नाही. चमचा एकदाच वाजला आणि बराच वेळ पुन्हा वाजला नाही.

मग फोन खणखणला. खोलीतल्या दोघांनीही दचकून समोरच्या फोनकडे पाहिलं. तो गप्पच होता.

"हो," स्पीकरमधली ताई म्हणाली. आवाज सपाट होता. "हो. मी बहीणच बोलतेय." मग थांबून, "काल."

खोलीतल्या ताईने ते उतरवून घेतलं. चाळीस वर्षं तिने माणसांच्या शिक्षा अशाच लिहून घेतल्या होत्या.

"काल म्हणजे रविवार," ती म्हणाली. "कधी, कसं, ते कळायला हवं. पुढे कुणीतरी विचारेल. मी सांगेन."

आणि खरोखरच स्पीकरमध्ये बेल वाजली. दार उघडलं. बाईमाणसाचा, ओळखीच्या जवळिकीचा आवाज आला.

"शेजारीण," ताई पुटपुटली. वहीवर वाकली.

"अगं बाई गं," शेजारीण स्पीकरमध्ये रडत होती. "ताई, असं एकाएकी? अहो, कसं झालं हे?"

त्याच क्षणी खऱ्या दारात किल्ली फिरली आणि भाऊ शीळ घालत आत आला.

कानसेनने रिमोट उचलला आणि पासथ्रू बंद केलं. अंगात आल्यासारखं, विचार न करता. स्पीकर निमूट झाला.

"बघा, किती तरुण दिसतोय," भाऊ मानेवरून हात फिरवत म्हणाला. मग दोघांचे चेहरे बघून, "काय झालं? पुन्हा बिघडला का?"

"काही नाही," ताई म्हणाली. तिने कानसेनकडे नजर रोखून पाहिलं. "तेवढं पुन्हा सुरू करून द्या."

कानसेन मेनूत उतरला. भाऊ त्याच्याच खांद्यावरून डोकावत होता. मानेवरचे कापलेले केस अजून झटकलेले नव्हते, पावडरीचा वास येत होता. या माणसाच्या देखत, याच्याच घरात, याच्या मरणाची हकिगत ऐकवायची? कानसेनचा हात त्या ओळीवर थबकला. मग त्याने ती ओळ होती तशीच सोडली आणि मेनू मिटला.

"केलं सुरू," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी ताईचा फोन चारदा आला. शुक्रवारी सहा वेळा. शनिवारी त्याने मोजणं सोडून दिलं. फोन टेबलावर थरथरत सरकत जाई आणि कानसेन दुसऱ्या खोलीत जाऊन बसे. ऐकलं नाही तर घडणार नाही असं त्याला वाटत होतं, असं नव्हे. पण दयेचं नाव दिलं की भित्रेपणासुद्धा बरा दिसतो, आणि ते नाव त्याने देऊन टाकलं होतं.

रविवारी फोन आला नाही. सोमवारीही नाही.

पुढच्या गुरुवारी आला. या वेळी त्याने उचलला.

"जमेल तेव्हा येऊन जा," ताई म्हणाली. बस्स, एवढंच.

दुपारी तो गेला. ताईनेच त्याला आत घेतलं आणि समोरच्या खुर्चीत बसवलं. दुसरी आरामखुर्ची भिंतीकडे सरकवलेली होती. खिडकीच्या दगडी कट्ट्याचा कोपरा कुणीतरी घासघासून धुतला होता. बाकीच्या दगडापेक्षा तेवढाच पांढरा दिसत होता.

"शनिवारी डॉक्टरांनी त्याला तपासलं," ताई म्हणाली. "हृदय ठणठणीत. रविवारी मी त्याला जिना उतरू दिला नाही. न्हाणीघराला आतून कडी लावू दिली नाही. शेगडीजवळ फिरकू दिलं नाही. वैतागला होता. पाच वाजता मी पाच मिनिटं आत गेले." ती थांबली. "मागचा डावा बोलत नाही, तार सुटली असेल म्हणाला. स्टुलावर चढला."

कानसेन खाली बघत राहिला. गालिच्यावर स्टुलाच्या पायांचे चार खळगे अजून होते.

"ताई, मी..."

"तुम्ही बंद करून गेलात. आणि सुरू केलं म्हणालात." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त कठीण होतं. "शेजारणीने विचारलं होतं ना, कसं झालं हे. सोमवारी मी तिला उत्तर दिलं. अक्षर न् अक्षर दिलं. तेवढं ऐकायला मिळालं असतं तर मी स्टूल फोडून चुलीत घातलं असतं."

घरात घड्याळ वाजत होतं. कानसेनला रडू फुटलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही फुटेना.

"त्यासाठी नाही बोलावलं," ताई म्हणाली. तिने रिमोट उचलला. माहितीपुस्तिकेची खुणा केलेली पानं तिच्या मांडीवर उलटी पडली होती. "मंगळवारी मी स्वतःच सुरू केलं. तुमच्या त्या चार पायऱ्या सापडल्या मला. मधल्या दिवसांत अंतर वाढतच गेलेलं होतं. माझ्या अंदाजाने आता दीड वर्षापुढचं येतंय. ऐका."

"मला नाही ऐकायचं."

"ऐका हो," ती म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ उमटलं. "चांगलं आहे."

तिने आवाज वाढवला.

सुरुवातीला काहीच नव्हतं. फ्रिजची घरघर नाही, घड्याळ नाही. नुसती खोली, रिकाम्या, सामान हलवलेल्या खोलीला असते तशी पोकळ गाज. दीड वर्षाने या घरात कुणी राहत नसावं, असं कानसेनच्या मनात आलं.

आणि मग अगदी जवळून, अगदी स्वच्छ, भाऊ म्हणाला, "तू बस गं. मी बघतो."

कानसेनने वळून भिंतीकडच्या आरामखुर्चीकडे पाहिलं.

"तुला काय दिसतंय तिथून?" स्पीकरमधल्या ताईने विचारलं.

"दिसायला कशाला हवं?" भाऊ म्हणाला, आणि हसला. तेच हसू, खो खो.

खोलीतली ताई डोळे मिटून ऐकत होती. गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "बघा," ती कुजबुजली. "आहे की नाही?"

कानसेनने मान हलवली. रिमोट तिच्या हातात होता, तो हिसकावून घ्यायची त्याला इच्छा झाली. पण तसं एकदा करून झालं होतं.

बहीण-भाऊ बोलत राहिले. साधंच काहीतरी, रोजचं. कुणी कुठे बसायचं, पडदा ओढायचा की नको. मधूनच भाऊ म्हणाला, "याला विचार की."

आणि तिसरा माणूस बोलला. "मला चालेल. मला इथे बरं वाटतं."

ताईने डोळे उघडले. "हा कोण असतो ते मला काल रात्रीपासून कळत नाही. दोघांच्यात तिसरा. तुम्हाला ओळखू येतो का कानाने?"

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला तर पुष्कळांना तो परका वाटतो. कानसेनला वाटला नाही. स्टुडिओत मायक्रोफोन तपासताना रोज स्वतःच बोलून, ऐकून तो त्याला पाठ झालेला होता.

"नाही," तो म्हणाला.

तो ऐकतच राहिला. दार उघडल्याचा आवाज आला नव्हता. पावलं वाजली नव्हती. तिघं किती वेळ बोलत होते कोण जाणे, पण काहीतरी चुकत होतं, काहीतरी कमी होतं, आणि ते काय हे त्याला आधी उमगेना. मग उमगलं. वीस वर्षं त्याने माणसांच्या वाक्यांमधले श्वास कापून आवाज साफ केले होते. श्वास कुठे असतो हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. शब्दाच्या आधी, अगदी अर्ध्या क्षणाचा.

तिघंही एकमेकांना तोडत, हसत, लांबलचक वाक्यं बोलत होते. आणि एवढ्या वेळात तिघांपैकी एकानेही श्वास घेतला नव्हता.